ज्या गडापर्यंत गाडी जाते, तेवढाच इतिहास?

१/
वेल्समधील मध्ययुगीन किल्ल्यांविषयी हा धागा आहे. परंतु त्याची सुरुवात एका पाण्याच्या टाकीपासून करणे भाग आहे. माझे काका व मावशी चेस्टरजवळ राहतात. काका लवकरच निवृत्त होतील आणि त्यानंतर मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेण्याचा त्यांचा बेत आहे. ही त्यांची पहिलीच मोटरहोम. विकत घेण्याआधी नेहमीच्या मोटारीने आणि एकदा भाड्याच्या मोटरहोमने वेल्सभर हिंडून रस्ते, मुक्काम व खर्च यांचा अंदाज घ्यावा, असे ठरले. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून मार्ग आखण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामात मी एक चूक केली. ती चूक आणि तिच्यातून तयार झालेले माझे मत, असा हा लांबलेला धागा आहे.

२/
प्रथम माझा पहिला मार्ग सांगते. कॉन्वी, कायर्नार्वन, बोमॅरिस, हार्लेख. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले हे चार किल्ले, कॉन्वी व कायर्नार्वनच्या नगरकोटांसह, १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. चारही ठिकाणी वाहनतळ, माहितीफलक, उपाहारगृहे सारे काही आहे. चेस्टरहून निघणारा ए-५५ महामार्ग किनाऱ्याकिनाऱ्याने जातो. मार्ग आखायला मला जेमतेम अर्धा तास लागला. इतक्या सहज आखल्या गेलेल्या मार्गाबद्दल तेव्हाच शंका यायला हवी होती.

३/
कॉन्वीच्या तटावरून फिरत असताना मावशीने विचारले, "अगं, हे सगळं जिंकणाऱ्यांचं झालं. जे हरले त्यांचे किल्ले कुठे आहेत?" मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. नावे ठाऊक होती. पण माझ्या वहीतल्या यादीत त्यांपैकी एकही नव्हते. मावशीचा इतिहासाशी संबंध शाळेपुरताच. प्रश्न मात्र तिनेच विचारला आणि मी, या विषयात पदव्युत्तर पदवी घेणारी, वाहनतळांची यादी हातात घेऊन उभी होते.

४/
थोडी पार्श्वभूमी. 'वेल्स' हे नाव इंग्रजांनी दिलेले. त्याच्या मुळाशी 'परके' असा अर्थ आहे. तेथील लोक आपल्या देशाला 'कम्री' म्हणतात. त्याचे मूळ 'एका भूमीचे सोबती' अशा अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. तेराव्या शतकात उत्तरेकडील ग्विनेथचे राजघराणे प्रबळ झाले. लिवेलिन अब योर्वर्थ (मृत्यू १२४०) याने डोंगरवाटांवर दगडी किल्ले उभारले. त्याचा नातू लिवेलिन अप ग्रिफिद याला १२६७ च्या माँटगोमेरी तहात इंग्लंडच्या राजाने 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून मान्यता दिली. हा किताब पुढे कोणाकडे गेला, हे आपण सारे जाणतो.

५/
दहा वर्षांतच युद्ध पेटले. १२७७ मध्ये एडवर्ड चेस्टरहून निघाला तो किनाऱ्यानेच. लाकूडतोड्यांनी अरण्यातून रुंद वाट मोकळी केली. फ्लिंटच्या खंदकासाठी दूरच्या लिंकनशायरमधून खणणारे मजूर आणले. ते वाटेत पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर घोडेस्वारांचा पहारा होता. रिदलान येथे जहाजे किल्ल्याच्या पायथ्याशी यावीत म्हणून क्लुइद नदीचे वळणदार पात्र खणून सरळ केले. अँगल्सी बेटावर आरमारातून ३६० कापणीवाले पाठवून वेल्श लोकांचे उभे धान्य कापून नेले. लिवेलिनला त्याच वर्षी तह करावा लागला. मोठी लढाई न करता, केवळ अन्नाची वाट अडवून मिळवलेला हा विजय होता.

६/
१२८२ मध्ये लिवेलिनचा भाऊ दाविद याने उठाव केला. विशेष असे की १२७७ च्या युद्धात हाच दाविद एडवर्डच्या बाजूने लढला होता. लिवेलिन त्यात ओढला गेला आणि ११ डिसेंबर १२८२ रोजी किल्मेरी येथे मारला गेला. त्याचे मस्तक लंडनला नेऊन मिरवले. दाविद पुढच्या वर्षी पकडला गेला. ३ ऑक्टोबर १२८३ रोजी श्रूस्बरी येथे त्याला फाशी देऊन देहाचे तुकडे करण्यात आले. १२८४ च्या रिदलानच्या कायद्याने वेल्सची व्यवस्था इंग्लंडच्या राजाच्या हाती गेली. माझ्या यादीतील चारही किल्ले या पराभवानंतरचे आहेत.

७/
आता पाण्याच्या टाकीकडे वळते. मोटरहोम घेऊ पाहणाऱ्याला प्रथम वजनाचे गणित शिकावे लागते. ज्यांनी १ जानेवारी १९९७ नंतर ब्रिटनमध्ये मोटारीचा परवाना मिळवला, त्यांना साधारणतः ३,५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते. काका त्यांतलेच. या ३,५०० किलोंत गाडी, माणसे, इंधन, गॅस, भांडीकुंडी सारे आले. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी पूर्ण भरली तर सामान कमी करावे लागते. अर्धी भरली तर एक दिवसाआड नळ शोधावा लागतो. शौचालयाची पेटी कुठे रिकामी करायची, हेही आधीच ठरवावे लागते. काकांच्या वहीत या नोंदींची दहाएक पाने भरली आहेत.

८/
ही वही वाचल्यावर मला किल्ले निराळे दिसू लागले. तोवर मी बुरूज व दरवाजे पाहत होते. आता विहीर, कोठार व शौचकूप शोधू लागले. कॉन्वीच्या आतल्या चौकाच्या दरवाजाशेजारी सुमारे २८ मीटर खोल विहीर आहे. नगरकोटाच्या एका भागात बाहेर डोकावणाऱ्या बारा शौचकूपांची ओळच्या ओळ दिसते. राजाच्या खजिना-कारभाराशी संबंधित नोकरवर्गासाठी ती होती. काका तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "यांचं नियोजन आपल्यापेक्षा बरं होतं." त्यांचे म्हणणे खरे होते.

९/
एडवर्डच्या या किल्ल्यांची खरी ताकद जाड भिंतींइतकीच त्यांच्या जागेत आहे. चारही किल्ले भरतीच्या पाण्यापाशी आहेत. शत्रूने जमिनीवरून वेढा घातला तरी समुद्रामार्गे धान्य पोचावे, ही त्यामागची योजना. हार्लेखच्या कड्यावरून थेट खाली पाण्यापर्यंत उतरणारा १०८ पायऱ्यांचा तटबंद मार्ग आहे. १२९४-९५ मध्ये मदोग अप लिवेलिन याच्या नेतृत्वाखाली वेल्श लोक पुन्हा उठले, तेव्हा हार्लेखच्या आत अवघी ३७ माणसे होती. आयर्लंडहून जहाजाने रसद आली आणि किल्ला तगला. आज समुद्र बराच मागे सरला आहे. तो मार्ग आता सपाट माळाच्या कडेला संपतो.

१०/
या रसदीमागे पैसा होता आणि तो सगळा इंग्लंडचा नव्हता. एकट्या कॉन्वीला सुमारे १५,००० पौंड लागले. वेल्समधील सर्व बांधकामांचा एकूण खर्च सुमारे ८०,००० पौंड मानला जातो. इटलीतील लुक्का शहराच्या रिकार्डी सावकारांनी एडवर्डला मोठी उचल दिली होती. प्रमुख वास्तुकार मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज हा आल्प्सकडील सॅव्हॉय प्रांताचा. म्हणजे इटालियन कर्ज, सॅव्हॉयचा स्थपती, इंग्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतून सक्तीने आणलेले मजूर. आज तिकीटघरात 'वेल्सचे किल्ले' म्हणून जी चित्रपत्रे विकली जातात, त्यांवरच्या या वास्तूंत वेल्श काय आहे? दगड आणि जमीन.

११/
बोमॅरिस हे त्याचे टोकाचे उदाहरण. मदोगच्या उठावानंतर, १२९५ मध्ये, अँगल्सीच्या दलदलीत ते बांधायला घेतले. फेब्रुवारी १२९६ मध्ये जेम्सने राजदरबाराला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात ४०० गवंडी-पाथरवट, २,००० बिगारी, २०० खाणमजूर, ३० लोहार, शिवाय १०० गाड्या, ६० मोठ्या गाड्या व ३० होड्या यांची नोंद आहे आणि मजुरी थकल्याची तक्रारही. तटाआत तट असलेली ही समकेंद्री रचना अभ्यासकांना फार प्रिय. परंतु स्कॉटलंडच्या युद्धात पैसा गेला आणि किल्ला कधीच पुरा झाला नाही. त्याचे बुरूज आजही अर्ध्या उंचीचे आहेत.

१२/
फलकावर हे सगळे असते. मात्र ही जागा मोकळी कशी झाली, हे त्यामानाने लहान अक्षरांत असते. शेजारीच ल्लान्वाइस नावाचे भरभराटीचे वेल्श बंदर होते. नव्या इंग्रज वसाहतीला स्पर्धा नको म्हणून तेथील रहिवाशांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला हलवले. त्या नव्या वस्तीचे नाव पडले न्यूबरो, म्हणजे नवे नगर. हे नाव आजही नकाशावर आहे. कॉन्वीतही तसेच. किल्ला व नगर ज्या जागी आहे, तेथे सिस्टर्शियन मठ होता आणि त्यात लिवेलिन अब योर्वर्थचे दफन झाले होते. मठ उठवून दुसरीकडे नेला आणि राजघराण्याच्या स्मशानभूमीवर जेत्याचे शहर वसवले.

१३/
कॉन्वीचा नगरकोट नीट पाहिला तर एके ठिकाणी तीन खिडक्या दिसतात. तटाला खिडक्या कशासाठी? ती वेल्श राजपुत्राच्या वाड्याची भिंत होती. तटाच्या बांधकामात ती तशीच जिरवून टाकली. हार्लेखजवळच्या इस्तिम्ग्वेर्न येथील लिवेलिनचे लाकडी सभागृहही उचलून हार्लेखच्या चौकात उभे केले गेले. डॉल्बादार्न या वेल्श किल्ल्याचे लाकूड काढून कायर्नार्वनच्या बांधकामाला नेले. पराभूतांच्या घराचे वासे जेत्याच्या छताला लागले. इतिहासात ही गोष्ट नवी नाही. पण ती डोळ्यांनी पाहायची असेल तर कॉन्वीच्या त्या तीन खिडक्यांसारखी जागा नाही.

१४/
मावशीच्या प्रश्नानंतर मी मार्ग फाडून टाकला आणि दुसरा केला. डॉल्विधेलन, डॉल्बादार्न, क्रिकिएथ, कास्तेल्ल अ बेरे. हे चारही किल्ले मुळात ग्विनेथच्या राजपुत्रांचे. यांपैकी एकही जागतिक वारसा यादीत नाही. क्रिकिएथ समुद्राकाठी आहे आणि तिथे मोठी वाहने सहज जातात. बाकीचे तीन डोंगरांत. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना सुक्या दगडांच्या भिंती, मधून मधून समोरच्याला वाट देण्यापुरता फुगवटा. रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असते 'अराव', म्हणजे हळू.

१५/
भाड्याची मोटरहोम सुमारे सात मीटर लांब होती. कास्तेल्ल अ बेरेच्या वाटेवर समोरून ट्रॅक्टर आला. मागे जायचे तर दोनशे मीटर, आणि मागचे काही धड दिसेना. मी खाली उतरून हातवारे करत होते, काका घामाघूम, मावशी आतून सांगत होती की डावीकडची भिंत आरशाला लागणार. लागली. ट्रॅक्टरवाल्याने शांतपणे आपलाच ट्रॅक्टर मागे घेतला आणि हात हलवून निघून गेला. चूक सर्वस्वी आमची. एवढी गाडी त्या वाटेवर आणायलाच नको होती. शेवटचा टप्पा आम्ही पायी केला.

१६/
कास्तेल्ल अ बेरे एका लांबट खडकावर पसरला आहे. तिकीटघर नाही, उपाहारगृह नाही, मेंढ्या आहेत. लिवेलिन अब योर्वर्थने १२२१ मध्ये तो बांधायला घेतला. पुढून गोल व मागून सपाट असे इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे बुरूज ही वेल्श बांधणीची खूण येथे स्पष्ट दिसते. उत्खननात उत्तम कोरीव दगड सापडले. म्हणजे ही नुसती पहाऱ्याची चौकी नव्हती, येथे दरबारी रसिकताही होती. एप्रिल १२८३ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. १२९४-९५ च्या उठावानंतर तो ओस पडला. त्यानंतर कोणी त्याला पुन्हा वसवले नाही.

१७/
त्या खडकावर बसून खाली दरीकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. हा किल्ला समुद्राकडे पाहत नाही. तो गुरे, कुरणे आणि डोंगरातील वाट यांच्याकडे पाहतो. ग्विनेथची संपत्ती तेथेच होती. डॉल्विधेलनचेही तसेच, तेथूनही डोंगरातील वाट व कुरणे नजरेच्या टप्प्यात येतात. एडवर्डचा किल्ला बाहेरून येणाऱ्या जहाजावर जगतो, तर राजपुत्राचा किल्ला भोवतालच्या भूमीवर. लांबून आलेल्याला किनारा सोयीचा असतो. मोटरहोमवाल्यालाही तो सोयीचा असतो आणि त्याचे कारण फारसे वेगळे नाही. दोघांचेही पोट बाहेरच्या पुरवठ्यावर भरते.

१८/
माझे मत येथून सुरू होते. १२७७ मध्ये एडवर्डचे सैन्य चेस्टरहून ज्या किनारपट्टीने गेले, साधारण त्याच पट्टीने आज महामार्ग जातो. त्या पट्टीत त्याचे किल्ले, किल्ल्यांपाशी त्याची नगरे, नगरांत वाहनतळ आणि हॉटेले. म्हणून प्रवासी तेथे जातात. प्रवासी जातात म्हणून देखभालीला पैसा येतो. देखभाल असते म्हणून आणखी प्रवासी जातात. यात कोणाचा कट नाही. पण परिणाम असा की सातशे वर्षांपूर्वीच्या रसदीच्या सोयीने आजच्या पाहुण्याची इतिहासदृष्टी ठरते. माझीही अर्ध्या तासात ठरली होती.

१९/
यावर एक आक्षेप रास्त आहे. वारसा यादी वास्तूची गुणवत्ता पाहते. आणि कायर्नार्वन-बोमॅरिसच्या तोलाचे लष्करी स्थापत्य युरोपात थोडेच आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. कायर्नार्वनच्या बहुकोनी बुरुजांसमोर व रंगीत दगडांच्या पट्ट्यांसमोर मी थक्क होऊन उभी राहिले. त्या पट्ट्यांत कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण आहे, असा एक प्रसिद्ध मतप्रवाह आहे. त्यावर वादही आहे. पण 'उत्कृष्ट स्थापत्य' या एका कसोटीवर नेहमी तोच जिंकणार, ज्याला कर्ज मिळाले. ज्याची तिजोरी लहान, त्याचा किल्ला लहान. म्हणून निदान आपण, इतिहासाच्या वाचकांनी, दुसरी कसोटीही जवळ ठेवावी.

२०/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: राजपुत्रांचे किल्ले म्हणजे 'जनतेचे' किल्ले, असे तरी कुठे होते? नव्हतेच. लिवेलिन अप ग्रिफिदने आपला सख्खा भाऊ ओवेन याला वीसहून अधिक वर्षे कैदेत ठेवले; ती जागा डॉल्बादार्न असावी, असे परंपरा सांगते. पोविसचा वेल्श अधिपती ग्रिफिद अप ग्वेन्विनविन हा लिवेलिनचा वैरी आणि एडवर्डचा साथीदार होता. तेव्हा 'वेल्श विरुद्ध इंग्रज' अशी सरळ रेघ ओढणेही खोटेच. मी राजपुत्रांना नायक करा असे म्हणत नाही. दोन्ही किल्ले पाहा, एवढेच म्हणते. एका किल्ल्यावरून युद्ध समजत नाही.

२१/
त्या पोविसच्या अधिपतीचा किल्ला आज पोविस कॅसल म्हणून ओळखला जातो आणि येथे आपला, भारताचा, धागा जुळतो. पुढे तो क्लाइव्ह घराण्याशी संबंधित झाला. रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याचा मुलगा एडवर्ड (जो १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता) यांनी भारतातून आणलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह तेथे आहे. टिपू सुलतानचा तंबू त्यातच. वेल्श सरदाराच्या किल्ल्यात म्हैसूरचा तंबू पाहताना मावशी काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. कॉन्वीच्या तीन खिडक्या मला तेथे पुन्हा आठवल्या.

२२/
हा वाद संपलेला नाही, हेही सांगायला हवे. २०१७ मध्ये फ्लिंटच्या किल्ल्यापाशी 'लोखंडी कडे' नावाचे प्रचंड शिल्प उभारण्याची योजना जाहीर झाली. एडवर्डच्या किल्ल्यांच्या साखळीला इतिहासकार याच नावाने ओळखतात. वेल्समध्ये संताप उसळला. दहा हजारांहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि काही आठवड्यांत योजना मागे घेतली गेली. पराभवाचे स्मारक आपल्याच करातून का उभारावे, हा त्यांचा प्रश्न होता. वेल्समधील पुरातन वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचे नाव 'कादू' आहे. त्याचा अर्थ 'जतन करणे'. काय जतन करायचे आणि कोणत्या नावाने, यावर तेथे अजून भांडण होते. ही मला निरोगीपणाची खूण वाटते.

२३/
महाराष्ट्रातील वाचकांना येथे एक फरक जाणवेल. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तेथे राजगड, रायगड, साल्हेर आहेत. प्रतिकार करणाऱ्यांच्या बाजूने भूप्रदेश वाचला गेला आहे. वेल्समध्ये उलटे घडले. परंतु आपण लगेच पाठ थोपटून घेऊ नये. आपल्याकडेही रस्ता, रोपवे व वाहनतळ असलेले गड गजबजतात आणि बाकीच्यांवर शिबंदीचे चौथरे गवतात हरवतात. 'गाडी वरपर्यंत जाते का?' हा प्रश्न आपणही सर्वांत आधी विचारतो. मीही विचारत असे.

२४/
म्हणून, वेल्सला जाण्याचा योग आला तर माझी सूचना अशी. क्रम उलटा करा. पहिल्या दिवशी डॉल्विधेलनला जा. पायथ्यापासून चालत चढा. वरचे कंगोरे एकोणिसाव्या शतकातील डागडुजीचे आहेत, हे विसरू नका. खालची भिंत जुनी. मग कास्तेल्ल अ बेरे. जमल्यास किल्मेरीचा स्मृतिस्तंभही पाहा. १९५६ मध्ये उभारलेला साधा दगड आहे. त्यानंतरच कॉन्वी, कायर्नार्वन, हार्लेख, बोमॅरिस. हे चार किल्ले तेव्हा लहान भासणार नाहीत, उलट अधिक मोठे व अधिक भयप्रद वाटतील. कशाला उत्तर म्हणून ते बांधले गेले, हे तोवर कळलेले असेल.

२५/
आणि एक नाव लक्षात ठेवा: ग्वेन्लियन. लिवेलिनची एकुलती मुलगी. १२८२ मध्ये तिच्या जन्माच्या वेळी आई एलेनॉर गेली. त्याच वर्षी बाप मारला गेला. तान्ह्या मुलीला एडवर्डने लिंकनशायरमधील सेंप्रिंगमच्या मठात पाठवले, जेणेकरून ग्विनेथच्या गादीला वारस उरू नये. ती १३३७ मध्ये तेथेच वारली. चोपन्न वर्षे. तिच्यासाठी कोणी किल्ला बांधला नाही; मठाच्या भिंती पुरेशा झाल्या. एडवर्डच्या किल्ल्यांची किंमत पौंडांत मांडताना हा हिशेबही त्याच पानावर लिहावा, असे मला वाटते.

२६/
मोटरहोमचे काय झाले? काकांच्या मनात सात मीटरची, मागे कायमचा पलंग असलेली गाडी होती. ट्रॅक्टरच्या प्रसंगानंतर वही पुन्हा उघडली गेली. आता सहा मीटरच्या आतली, अरुंद बांध्याची गाडी घ्यायचे ठरले आहे. पलंग रोज घालावा-काढावा लागेल, टाकी लहान असेल, नळ वारंवार शोधावा लागेल. मावशीने शेवटचा निकाल दिला: "झोपायला थोडी अडचण झाली तरी चालेल, पण ती मेंढ्यांची वाट मला पुन्हा बघायची आहे." गाडी अजून आलेली नाही. पहिल्या प्रवासाच्या यादीत मात्र डॉल्विधेलन पहिले आहे, आणि या वेळी मार्ग आखायला मला चार दिवस लागले.

२७/
धागा येथे संपवते. आपण पाहिलेला असा एखादा किल्ला सांगा, जिथे गाडी पोचत नाही पण जो पाहिल्याशिवाय शेजारचा प्रसिद्ध किल्ला कळत नाही. वेल्समधला असो, सह्याद्रीतला असो वा आणखी कुठला. नाव, पायथ्याचे गाव आणि तो का पाहावा याचे एक वाक्य पुरे. ती सर्व नावे एकत्र करून पुढील धाग्यात मांडीन.

#वेल्स #किल्ले #मध्ययुगीन_इतिहास